विश्लेषण : पेरॉक्साइडची बाटली का फुगते? २०० वर्षांपूर्वीच उत्तर शोधणारे लुई तेनार कोण होते?

फरशी पुसायच्या द्रवापासून जखम धुण्याच्या औषधापर्यंत सगळीकडे दिसणारे हायड्रोजन पेरॉक्साइड १८१८ मध्ये सापडले. ते शोधणारा माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता आणि त्याची सुरुवात दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून झाली होती. हे द्रव्य डाग कसे घालवते आणि बाटलीत टिकत का नाही, हे दोन्ही प्रश्न त्यानेच पहिल्यांदा हाताळले. आज पेरॉक्साइडचे क्लीनर बनवणाऱ्या प्रत्येकाला त्याच उत्तरांपाशी यावे लागते.

कंधारमध्ये काय घडले?

मे महिन्यात कंधारला घरी गेलो होतो. पारा चाळिशीच्या वर. मावशीच्या बचत गटाने फिनाईल आणि भांड्यांच्या लिक्विडनंतर नवे उत्पादन काढले होते, पेरॉक्साइडचे फ्लोअर क्लीनर. वास नाही, डाग निघतो, म्हणून मागणीही आली होती. बाटल्या पत्र्याच्या खोलीत रचून ठेवल्या होत्या. दहा-बारा दिवसांत काही बाटल्या ढोलासारख्या फुगल्या, दोन-तीन बाटल्यांची झाकणे उडाली. उरलेल्या बाटल्या दिसायला ठीक होत्या, पण त्यांनी हळदीचा डागही हलेना.

गटाने अंतर्गत कर्ज काढून माल घेतला होता. कच्चा माल देणाऱ्याने फसवले, असा बायकांचा पक्का समज झाला. मी अभियांत्रिकी शिकलेला, म्हणून बाटली माझ्या हातात आली. लेबल वाचले, मग पाणी कुठले वापरले ते विचारले. बोअरचे, असे उत्तर आले. ढवळले कशाने? लोखंडी सळईने. फसवणूक कोणी केली नव्हती. पेरॉक्साइड त्याच्या स्वभावाप्रमाणे वागले होते. हा स्वभाव ज्याने पहिल्यांदा ओळखला, त्याची ही गोष्ट.

कोण होते तेनार?

लुई जॅक तेनार यांचा जन्म ४ मे १७७७ रोजी फ्रान्सच्या शाँपान्य भागातील ला लूप्तिएर या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, खाणारी तोंडे बरीच. जवळच्या साँस गावात थोडे शिक्षण झाले आणि सतराव्या वर्षाच्या आसपास लुई औषधनिर्माण शिकायला पॅरिसला आला. फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीची धामधूम होती. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांना १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवले गेले, त्याच सुमाराचा हा काळ.

खेड्यातली आणखी दोन मुले आणि लुई एका खोलीत राहत. पाणी वाहणाऱ्या एका माणसाच्या बायकोकडे त्यांची खानावळ होती. वेळेवर पोहोचले नाही तर जेवण संपलेले असे. पुढे आयुष्यभर तेनार यांनी वेळ पाळली, त्याचे मूळ या खानावळीत आहे असे सांगतात. आपल्याकडे नांदेड-लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही.

स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत प्रवेश कसा मिळाला?

लुईला निकोला वोकलाँ यांच्या हाताखाली शिकायचे होते. क्रोमियम हे मूलद्रव्य शोधणारे तेच वोकलाँ. ते स्वतःही गरीब घरातून वर आलेले, पण शिकवणीची महिन्याची फी त्यांना सोडता येण्यासारखी नव्हती आणि लुईला ती भरता येण्यासारखी नव्हती. नकार घेऊन तो दारापर्यंत आला. तेव्हा वोकलाँ यांच्या बहिणी मध्ये पडल्या. हा मुलगा बरा दिसतो, प्रयोगशाळेत हात लावील आणि चुलीवरच्या रश्शाकडेही लक्ष ठेवील, अशी त्यांनी रदबदली केल्याची कथा तेनार यांच्या चरित्रात हमखास येते.

अशा रीतीने लुई आत आला. झाडलोट करायची, काचेची भांडी घासायची, आचेवर नजर ठेवायची आणि काम करता करता जे दिसेल ते शिकायचे. त्याच्या बोलण्यात खेड्याचा हेल होता. वर्गात उभे राहायचे तर तो आड येईल, म्हणून नाटके पाहून त्याने उच्चार सुधारले. एकदा वोकलाँ यांच्या जागी त्याला व्याख्यान द्यावे लागले. सुरुवातीला घाबरलेला मुलगा हळूहळू रंगत गेला आणि पुढे पॅरिसमधल्या सर्वांत लोकप्रिय रसायन-शिक्षकांपैकी एक झाला. १७९८ मध्ये एकोल पॉलिटेक्निकमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. १८०४ मध्ये कॉलेज द फ्रान्समधली वोकलाँ यांची खुर्चीच त्यांच्याकडे आली.

पहिली प्रसिद्धी कशामुळे मिळाली?

निळ्या रंगामुळे. चित्रकारांना लागणारा अस्सल निळा रंग अफगाणिस्तानच्या लाजवर्द खड्यांपासून होत असे आणि तो अतिशय महाग होता. गृहमंत्री शाप्ताल स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी स्वस्त पर्याय शोधण्याचे काम तेनार यांच्यावर सोपवले. १८०२ च्या सुमारास तेनार यांनी कोबाल्टचा क्षार आणि ॲल्युमिना एकत्र भाजून टिकाऊ निळा रंग तयार केला. आज तो कोबाल्ट ब्लू म्हणून ओळखला जातो. ‘तेनार निळा’ हे त्याचे दुसरे नाव.

यानंतर जोसेफ गे-ल्युसॅक यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. १८०८ मध्ये दोघांनी बोरॉन हे मूलद्रव्य वेगळे केले. पोटॅशियमवर काम करताना झालेल्या स्फोटात गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना इजा झाली. रसायनाला गृहीत धरायचे नसते, हे तेनार यांनी जवळून पाहिले होते. १८१३ पासून त्यांचे चार खंडांचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक येऊ लागले आणि पुढची अनेक वर्षे युरोपातले विद्यार्थी त्यावर शिकले.

१८१८ मध्ये नेमके काय सापडले?

तेनार बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून पाहत होते. भांडे बर्फात ठेवलेले. अपेक्षा होती ऑक्सिजन वायूचे बुडबुडे येण्याची, पण थंड द्रावणात पूड मुकाट विरघळली. ऑक्सिजन गेला कुठे? सुरुवातीला त्यांना वाटले, आम्लातच जास्तीचा ऑक्सिजन शिरला आहे. जुलै १८१८ मध्ये त्यांनी तसे जाहीरही केले. पण ते तिथे थांबले नाहीत. एकेक करून आम्ल काढून टाकत गेले, तरी जास्तीचा ऑक्सिजन मागे राहिलाच. म्हणजे तो आम्लात नव्हता, पाण्यात होता. आपलाच पहिला निष्कर्ष खोडून त्यांनी नवे नाव दिले, ऑक्सिजनयुक्त पाणी. फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानात आजही याच अर्थाच्या नावाने ते मिळते.

मग निर्वात जागेत पाणी उडवून त्यांनी ते दाट केले. सर्वांत दाट द्रवातून त्याच्या आकारमानाच्या ४७५ पट ऑक्सिजन निघतो, असे त्यांनी मोजले. आजच्या सूत्राने शुद्ध पेरॉक्साइडचा हिशेब केला तर उत्तर जवळपास तेवढेच येते. १८१८ सालच्या साधनांनी केलेली ही मोजणी आहे.

हा द्रव कातडीवर पडला की पांढरा डाग पडून चुणचुणे. लिटमसचा रंग तो घालवी आणि हळदीच्या कागदाचाही. हळदीच्या डागावर पेरॉक्साइड चालते, ही माहिती म्हणजे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा शोध नाही, तो दोनशे वर्षे जुना आहे.

पेरॉक्साइड टिकत का नाही?

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, पेरॉक्साइडमध्ये दोन. हे दोन ऑक्सिजन एकमेकांना ढिले धरून असतात. संधी मिळाली की एक सुटतो आणि मागे साधे पाणी उरते. सुटणारा ऑक्सिजन डागाच्या रंगीत रेणूला भिडला तर डाग जातो, जंतूला भिडला तर जंतू मरतो. पण बाटलीत भिडायला काहीच नसेल तर त्याचा नुसता वायू होतो आणि बाटली फुगते. सफाई करण्याची ताकद आणि खराब होण्याची खोड, दोन्ही या एकाच ढिल्या जोडणीतून येतात. एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही. ऑक्सिजन कधी सुटावा, एवढेच आपल्या हातात असते.

तेनार यांनी पुढचा बराच काळ हेच तपासण्यात घालवला. चांदी, सोने आणि प्लॅटिनमची बारीक पूड, मँगनीजचे ऑक्साइड यांतले काहीही द्रवात पडले की तो उसळे, ऑक्सिजन भराभर निघून जाई आणि टाकलेला पदार्थ मात्र जसाच्या तसा राही. रक्तातल्या तंतूंनीही तेच होई. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो, तो याच जातीचा. स्वतः न बदलता क्रिया घडवणाऱ्या अशा पदार्थांना बर्झेलियस यांनी १८३५ च्या सुमारास ‘उत्प्रेरक’ या अर्थाचे नाव दिले. पण त्याची ठळक उदाहरणे तेनार यांच्या टेबलावर आधीच जमली होती.

उलट बाजूही त्यांनी पाहिली. द्रवात थोडे आम्ल असले की तो जास्त टिकतो. थंडीत जास्त टिकतो. भांडे स्वच्छ असेल तर जास्त टिकतो. बाटल्या घासण्यात तारुण्य गेलेल्या माणसाला शेवटची गोष्ट कोणी शिकवावी लागली नसेल. आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक प्रयोगशाळा परिचर होते. नळाच्या पाण्याने धुतलेली चंचुपात्रे ते परत पाठवत आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खंगाळायला लावत. आम्हाला तो जाच वाटे. पेरॉक्साइडच्या बाबतीत तोच निम्मा फॉर्म्युला आहे.

जगातले पहिले पेरॉक्साइड क्लीनर कोणी वापरले?

जुन्या चित्रांत पांढऱ्या रंगासाठी शिशाचे संयुग वापरत. शहराच्या हवेतल्या गंधकयुक्त वायूने ते काळे पडे आणि चित्रातले पांढरे ठिपके काजळीसारखे दिसू लागत. राफाएलच्या एका रेखाटनाची अशीच गत झाली होती. चित्रकार लेओनोर मेरीमे यांनी तेनार यांच्याकडे उपाय विचारला.

तेनार यांनी आधी रसायन तपासले. काळा पदार्थ म्हणजे लेड सल्फाइड. त्याला ऑक्सिजन मिळाला की लेड सल्फेट होते आणि ते पांढरे असते. मग त्यांनी अगदी सौम्य द्रावण दिले, आकारमानाच्या जेमतेम पाच-सहा पट ऑक्सिजन असलेले. आजच्या भाषेत दोन टक्क्यांच्या आत. कुंचल्याने ते लावताच काळे ठिपके पांढरे झाले आणि कागदाला धक्का लागला नाही.

४७५ पटीचा द्रव हाताशी असताना त्यांनी पाच-सहा पटीचा दिला. क्लीनर बनवणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. डाग कशाचा आहे आणि तो कशावर पडला आहे हे आधी पाहायचे, ताकद त्यानंतर ठरवायची.

विषाचा पेला आणि अंडी

१८२५ मध्ये एकोल पॉलिटेक्निकमधल्या व्याख्यानात तेनार यांनी पाणी समजून समोरचा पेला उचलला आणि घोट घेतला. पेल्यात मर्क्युरिक क्लोराइड हे जहाल विष होते. त्यांना ते लगेच कळले. वर्गालाही त्यांनीच सांगितले आणि अंडी आणायला लावली, कारण अंड्याचा पांढरा बलक या विषाला बांधून ठेवतो. विद्यार्थी आसपासच्या घरांत, दुकानांत धावले. अंडी आली आणि प्राण वाचले.

त्या काळचा सर्वांत अनुभवी रसायनशास्त्रज्ञही बिनलेबलच्या पेल्यापुढे फसला. पाण्याच्या जुन्या बाटलीत क्लीनर भरून ठेवणाऱ्या प्रत्येक घरासाठी ही गोष्ट आजही ताजी आहे. त्याच वर्षी राजाने त्यांना बॅरन ही पदवी दिली.

तेनार यांच्यानंतर पेरॉक्साइड घरात कसे आले?

बराच काळ ते प्रयोगशाळेतच राहिले, कारण टिकवता येत नव्हते. १८७० च्या दशकात व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९०७ मध्ये जर्मनीत ‘पर्सिल’ ही धुण्याची पावडर आली. तिच्यात सोडियम परबोरेट होते. कोरडे असताना ते शांत राहते आणि गरम पाण्यात पडले की पेरॉक्साइड सोडते. टिकवण्याचा प्रश्न असाही सुटतो, म्हणजे पेरॉक्साइड बाटलीत भरायचेच नाही, बादलीत तयार करायचे.

महाराष्ट्रात १९५० च्या दशकात कल्याणला वाडिया समूहाच्या नॅशनल पेरॉक्साइड कंपनीने उत्पादन सुरू केले. सुती कापडाचा पिवळटपणा घालवायला गिरण्यांना पेरॉक्साइड लागते. कापूस पिकवणाऱ्या नांदेड-परभणीच्या पट्ट्यातला माल कापड होऊन पांढरा होतो, त्यात त्याचा वाटा असतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने सॅनिटायझर बनले, त्यातही ०.१२५ टक्के पेरॉक्साइड होते. त्याचे काम हातावरच्या जंतूंशी लढण्याचे नव्हते, द्रावणातच राहून गेलेले चिवट बीजाणू मारण्याचे होते.

मग क्लीनर बनवताना काय पाळायचे?

- पाणी : बोअरच्या पाण्यातले लोह आणि मँगनीज उत्प्रेरकाचे काम करते. डिमिनरलाइज्ड पाणीच वापरावे.
- भांडी : लोखंड, तांबे, पितळ नको. जाड, स्वच्छ प्लास्टिक चालते. ढवळायचा दांडाही प्लास्टिकचा हवा.
- आम्लता : साधारण ३ ते ४ पीएच असताना द्रव टिकतो. डाग मात्र क्षारी द्रावणात लवकर निघतो. म्हणून काही उत्पादनांत क्षार वेगळा ठेवतात आणि वापरताना मिसळतात.
- स्थिरक : चुकून आलेल्या धातूंना धरून ठेवणारे फॉस्फोनेट किंवा कथिलाचे स्टॅनेट अगदी थोड्या प्रमाणात घालतात.
- साबण, रंग, सुवास : पेरॉक्साइड त्यांनाही खाते. पेरॉक्साइडमध्ये टिकणारे नॉन-आयनिक साबणद्रव्य घ्यावे. रंग आणि अत्तर टाळलेलेच बरे.
- बाटली : गडद रंगाची, हवा सोडणाऱ्या झाकणाची, वर थोडी रिकामी जागा ठेवलेली. ३ टक्के द्रावणाच्या एका लिटरमधून जवळपास १० लिटर ऑक्सिजन निघू शकतो, हे लक्षात ठेवावे.
- तापमान : दर १० अंशांनी विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांत चार महिने चालणारा माल ४५ अंशांच्या पत्र्याखाली एका महिन्यात संपेल.
- वापर : आधी धूळ-चिकटा पुसावा, मग क्लीनर लावून काही मिनिटे ओले राहू द्यावे. शहाबादी फरशी चुनखडीची असते, आम्लधर्मी द्रव त्यावर साचू देऊ नये.
- मिसळ नको : व्हिनेगर, ब्लीच किंवा संडास साफ करायचे ॲसिड यात कधीही घालू नये.

३० किंवा ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड कातडी जाळते आणि डोळे घालवू शकते. ते घरी हाताळू नये. सौम्य केलेलेच विकत घ्यावे आणि हातमोजे, चष्मा वापरावा. बाटलीवर जंतुनाशक असल्याचा दावा छापण्याआधी परवान्याची चौकशी करावी.

शेवटची वर्षे

तेनार खासदार झाले, वरिष्ठ सभागृहात गेले, विद्यापीठांचा कारभार पाहिला. पण अखेरचे मोठे काम त्यांनी वेगळेच केले. गरिबीत सापडलेले संशोधक आणि त्यांच्या मागे राहिलेली कुटुंबे यांना मदत करणारी संस्था त्यांनी १८५७ मध्ये उभी केली. फी भरता न आल्याने दारातून परत फिरलेला मुलगा ते विसरले नसावेत. त्याच वर्षी २१ जूनला पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १८६५ मध्ये त्यांच्या खेड्याच्या नावाला त्यांचे नाव जोडले गेले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांतही ते आहे.

कंधारच्या बाटल्यांचे काय झाले?

फुगलेल्या बाटल्यांची झाकणे सावकाश सैल केली आणि माल भरपूर पाण्यात मिसळून मोरीत सोडला. दुसरी खेप डिमिनरलाइज्ड पाण्यात, प्लास्टिकच्या पिंपात केली आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवली. पेरॉक्साइडचे प्रमाण मोजायला महागडे यंत्र लागत नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकात मोहर क्षारासाठी जे पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन करतात, तेच चालते. ओळखीच्या एका शिक्षकांनी दर पंधरा दिवसांनी एक बाटली तपासून द्यायचे कबूल केले आहे.

पहिले दोन आकडे आले आहेत. जोर थोडा उतरला आहे, पण बाटली फुगलेली नाही. मावशीने आता प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख लिहायला सुरुवात केली आहे. आणि लोखंडी सळई गोठ्यात परत गेली आहे.